वाळूच्या दांड्यावरचें गांव

अमेरिकेच्या पूर्वकिनाऱ्याचा नकाशा पाहिला तर मुख्य भूमीच्या पुढें, किनाऱ्याला समांतर अशी, वाळूच्या अरुंद बेटांची एक रांग न्यू यॉर्कजवळच्या लाँग आयलंडपासून फ्लॉरिडापर्यंत गेलेली दिसते. कोंकणांत खाडीच्या तोंडाशीं वाळूचा दांडा पडतो, तसलाच हा प्रकार. मात्र येथें दांड्याची लांबी कोसांनीं मोजावी लागते. अटलांटिकच्या लाटा हीं बेटें अंगावर घेतात आणि त्यांच्या आड उथळ, संथ उपसागर पसरलेले असतात. मोठ्या तुफानांत समुद्र बेटाच्या माथ्यावरून जातो, पुढची वाळू उचलून मागच्या बाजूस टाकतो, आणि बेट हळूहळू मुख्य भूमीकडे सरकतें. एके काळीं मागील बाजूस असलेल्या दलदलीचा काळा चिखल कित्येक ठिकाणीं आज समुद्राच्या बाजूस उघडा पडलेला सांपडतो.

अशा चालत्या जमिनीवर मेरीलंड संस्थानांतील ओशन सिटी हें गांव वसलें. ४ जुलै १८७५ रोजीं तेथें अटलांटिक हॉटेल उघडलें. पुढें लवकरच उपसागरावर पूल होऊन आगगाडी थेट वाळूपर्यंत आली आणि उन्हाळ्यांत हवा खाण्यास येणाऱ्यांची गर्दी वाढली. तेथील कोळ्यांना मात्र बंदर नव्हतें. उघड्या पुळणीवरूनच ते होड्या लाटांत लोटीत. समुद्र आणि उपसागर यांमध्यें एखादी वाट असावी, ही त्यांची जुनी इच्छा होती.

ऑगस्ट १९३३ च्या तुफानानें ती पुरी केली, पण किंमत वसूल करून. उपसागरांत तुंबलेलें पाणी गांवाच्या दक्षिण टोकाशीं बेट फोडून समुद्राकडे निघालें. घरें, रस्ते, कोळ्यांचे तळ वाहून गेले. आगगाडीचा पूलही गेला, आणि गाडी पुन्हा कधीं आली नाहीं. त्याच तुफानानें दक्षिणेकडे व्हर्जिनियांतील हॉग बेटावरच्या ब्रॉडवॉटर गांवाचा धीर खचविला. सुमारें अडीचशें वस्तीच्या त्या गांवांतील लोकांनीं पुढील कांहीं वर्षांत घरेंच्या घरें पडावांवर चढवून मुख्य भूमीवर नेलीं. गांवाची जागा आज समुद्राखालीं आहे.

ओशन सिटीनें वेगळा मार्ग धरला. नवी वाट पुन्हा बुजूं नये म्हणून सैन्याच्या इंजिनियरांनीं तिच्या दोन्ही बाजूंस दगडी बांध घातले. गांवाला बंदर मिळालें, मार्लिन माशाच्या शिकारीची हौस असलेले धनिक येऊं लागले. पण या किनाऱ्यावर वाळू उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहते. ती उत्तरेच्या बांधाशीं अडली. तेथें पुळण रुंदावली आणि पलीकडचें अॅसटीग बेट उपाशी राहिलें. त्याचें उत्तर टोक आपल्या मूळ रुंदीहूनही अधिक पश्चिमेस हटलें आहे. एकाच्या अंगणांतला ढीग हा शेजाऱ्याच्या अंगणांतला खड्डा होता. बांध घालतांना शेजाऱ्यास कोणीं विचारलें नव्हतें, कारण तेथें बहुतेक रानटी तट्टेंच राहत होतीं!

तट्टांच्या त्या बेटावरही १९५० नंतर व्यापाऱ्यांची दृष्टि गेली. पांच हजारांहून अधिक भूखंड आंखले गेले, ते विकण्याचा धडाका सुरू झाला, आणि ‘बाल्टिमोर बुलव्हार्ड’ असें भारदस्त नांव देऊन डांबरी सडक टाकण्यांत आली. मार्च १९६२ मध्यें ईशान्येचें वादळ तीन दिवस हललें नाहीं. लागोपाठ पांच भरत्या बेटावर चढल्या. बांधलेलीं घरें बहुतेक नष्ट झालीं, सडकेचे तुकडे झाले. ज्यांनीं जन्माची पुंजी घालून जमीन घेतली, त्यांच्या हातीं कागद उरला. १९६५ मध्यें काँग्रेसनें कायदा करून हा किनारा राष्ट्रीय संरक्षणाखालीं घेतला.

ओशन सिटीचा विस्तार मात्र थांबला नाहीं. उंच इमारतींपुढील पुळण टिकविण्यासाठीं १९८८ पासून वारंवार समुद्रांतील वाळू उपसून ओतावी लागते. अॅसटीगचें देणें नियमितपणें फेडण्यास २००४ साल उजाडलें. तेव्हांपासून उपसा करणारें जहाज खाडीच्या तोंडाशीं सांचलेली वाळू भरून घेतें आणि वाट ओलांडून त्या बेटासमोर नेऊन सोडतें. बुलव्हार्डच्या डांबराचे तुकडे अद्याप तेथील टेंकड्यांतून डोकावतात.