सोशल बुकमार्किंग आणि सिमँटिक वेब: सेव्ह केलेली पोस्ट वेळेवर सापडत का नाही?

फेसबुक, इन्स्टाग्राम किंवा एक्सवर उपयोगी वाटलेली पोस्ट आपण सेव्ह करतो. सहा महिन्यांनी ती शोधायला गेलो की मात्र सापडत नाही. बहुतेक वेळा अडचण नावांची असते. यवतमाळ जिल्ह्यातील केळापूर तालुक्याच्या उदाहरणातून ती समजून घेऊ.

सोशल बुकमार्किंग म्हणजे काय?

आवडलेल्या वेबपानाची खूण ऑनलाइन साठवणे, तिला आपल्या शब्दांत टॅग देणे आणि ती इतरांनाही पाहू देणे म्हणजे सोशल बुकमार्किंग. २००३ मध्ये सुरू झालेल्या 'डिलिशस' या सेवेमुळे ही पद्धत लोकप्रिय झाली. ग्रंथालयात पुस्तकाचा विषय ग्रंथपाल ठरवतो, इथे तो वाचकच ठरवतात. लोकांनी मिळून केलेल्या अशा वर्गीकरणाला थॉमस व्हँडर वाल यांनी २००४ मध्ये 'फोक्सोनॉमी' हे नाव दिले. २००७ मध्ये ख्रिस मेसिना यांनी ट्विटरवर सुचवलेला हॅशटॅग हे त्याचेच आजचे रूप.

एकच वाघीण, दोन नावे

पांढरकवडा परिसरातील एका वाघिणीवर १३ जणांचा बळी घेतल्याचा ठपका होता. वन विभागाच्या नोंदीत ती 'टी-१' होती. तिला मारू नये म्हणून प्राणिप्रेमींनी 'लेट अवनी लिव्ह' हा हॅशटॅग चालवला आणि ती देशभर 'अवनी' झाली. २ नोव्हेंबर २०१८ रोजी तिला गोळी घालण्यात आली.

आता फक्त तो हॅशटॅग शोधणाऱ्याला प्रामुख्याने एकच बाजू दिसेल. शेतात जायला घाबरणाऱ्या गावकऱ्यांविषयीच्या बातम्या 'टी-१', 'नरभक्षक वाघीण' किंवा 'पांढरकवडा' अशा शब्दांखाली राहतील. टॅग बदलला की दिसणारी गोष्टही बदलते.

ठिकाणाचेही तेच. तालुका केळापूर, पण त्याचे मुख्यालय पांढरकवडा. विधानसभेचा केळापूर मतदारसंघ पुनर्रचनेनंतर राहिला नाही. २००९ पासून हा भाग आर्णी मतदारसंघात आहे. स्थानिक माणसाला हे सगळे ठाऊक असते. साध्या शब्दशोधाला मात्र हे तीन वेगळे शब्द वाटतात.

सिमँटिक तंत्रज्ञान काय करते?

वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी २००१ मध्ये सहकाऱ्यांसह 'सिमँटिक वेब'ची, म्हणजे अर्थ जोडलेल्या वेबची, कल्पना मांडली. यात प्रत्येक गोष्टीला एक कायमचा ओळख क्रमांक मिळतो आणि माहिती छोट्या विधानांत लिहिली जाते:

• केळापूर – प्रकार – तालुका
• केळापूर – जिल्हा – यवतमाळ
• केळापूर – मुख्यालय – पांढरकवडा
• अवनी – दुसरे नाव – टी-१

नाव कोणतेही टाका, भाषा कोणतीही असो, क्रमांक एकच असल्याने संगणक योग्य गोष्टीपर्यंत पोहोचतो. २०१२ मध्ये सुरू झालेला 'विकिडेटा' हा मुक्त प्रकल्प याच पद्धतीवर चालतो. तिथली माहिती मुख्यतः स्वयंसेवक भरतात. त्यामुळे आपल्या गावाची पर्यायी नावे तिथे नसतील, तर ती कोणालाही जोडता येतात.

तुम्ही काय करू शकता?

१. टॅग देताना अधिकृत आणि बोलीतले, दोन्ही नावे लिहा. सोबत तालुका आणि वर्ष टाका.
२. एका गोष्टीसाठी नेहमी तेच टॅग वापरा. आज 'वाघ', उद्या 'वाघीण', परवा 'टायगर' असे नको.
३. इन्स्टाग्राम आणि फेसबुकवर सेव्ह केलेल्या पोस्टचे विषयवार कलेक्शन करा.
४. महत्त्वाचे वेबपान इंटरनेट अर्काइव्हच्या 'वेबॅक मशीन'वर जतन करा. मूळ पान काढले गेले, तर नुसती खूण कामाची राहत नाही.
५. आपल्या यादीची प्रत स्वतःकडे ठेवा. डिलिशसवर २०१७ पासून नवीन खुणा साठवणे बंद झाले, तर मोझिलाची 'पॉकेट' सेवा जुलै २०२५ मध्ये बंद झाली.