रायवळ आंबा

कोयीपासून उगवलेल्या, कलम न केलेल्या देशी आंब्याचे सर्वसाधारण नाव. शास्त्रीय नाव मँगिफेरा इंडिका, कुल ॲनाकार्डिएसी. रायवळ ही काटेकोर अर्थाने एक जात नव्हे. परपरागीकरणामुळे कोयीतून आलेले झाड मूळ झाडासारखेच निपजेल याची खात्री नसते आणि एकाच परड्यातल्या दोन झाडांची चव जुळत नाही. म्हणून कोकणात झाडागणिक नावे पडली : साखऱ्या, खोबऱ्या, शेपूच्या वासाचा शेप्या, लहान फळांची बिटकी.

झाड उंच व दीर्घायुषी. फळ बहुधा लहान, रेषाळ, पातळ रसाचे; कापून खाण्यापेक्षा चोखून खाण्याचे. बाजारात हापूसपुढे त्याला भाव नाही, स्वयंपाकघरात मात्र हापूस त्याची जागा घेऊ शकत नाही. कोकण-गोव्यातील सासव याच फळाचे : सोललेले अख्खे आंबे कोयीसकट, वाटलेले ओले खोबरे, मोहरी, मिरची आणि गूळ. मोहरीचा झणका आणि आंबटगोड रस यांचा मेळ हापूसच्या एकसुरी गोडीत साधत नाही. आटवलेला किंवा उन्हात वाळवलेला रस साठांसाठी, तर कैऱ्या लोणच्यासाठी व मिठाच्या पाण्यात मुरवण्यासाठी वापरतात.

हापूसची कलमे बांधण्यासाठी लागणारा खुंट रायवळ कोयीपासूनच तयार करतात. जुनी झाडे लाकडासाठी तोडली जातात. त्यांतील एखादी खास चव कलम करून राखली नसेल, तर ती झाडाबरोबरच जाते.