शिंदळ माकुडी

शिंदळ माकुडी किंवा शिवसुमन ही रुईच्या कुळातील मांसल, बहुवर्षायू वनस्पती रानात फक्त महाराष्ट्रातच आढळते. मुंबई इलाख्यातील वनाधिकारी डॅल्झेल यांनी 1860 च्या दशकात तिचे वर्णन केले आणि तत्कालीन गव्हर्नर सर बार्टल फ्रेअर यांच्यावरून तिला ‘फ्रेरिया इंडिका’ हे नाव दिले. हेच फ्रेअर पुढे 1877 मध्ये दक्षिण आफ्रिकेत केप वसाहतीचे गव्हर्नर झाले, आणि माकुडीचे स्टॅपेलिया, हुर्निया हे नातलगही मुख्यतः तिकडचेच. त्यांची पाने जवळजवळ लोपलेली असतात. माकुडीला मात्र पावसाळ्यात भरगच्च मांसल पाने येतात आणि कोरड्या दिवसांत ती झडून नुसती खोडे उरतात. या गटात हे वेगळेपण विलक्षणच. हल्ली तिचा समावेश ‘बूसेरोशिया’ प्रजातीत करतात.

शिवनेरी, वज्रगड, सज्जनगड अशा गडांच्या कड्यांवर, खडकांच्या फटींत ती लोंबत वाढते. पावसाळ्याच्या उत्तरार्धात सुमारे 2 सेंमी. रुंदीची, किरमिजी रंगाची, पिवळ्या खुणांची चांदणीसारखी फुले येतात. परागण माश्या करतात. शेंगा जोडीने येतात आणि केसाळ बिया वाऱ्यावर उडतात. आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाने 1980 च्या दशकात जगातील अतिसंकटग्रस्त 12 वनस्पतींत तिची गणना केली होती. दरडी कोसळणे, गुरे-शेळ्यांची चराई आणि हौशी लोकांची उपटाउपट ही तिच्यावरची संकटे.

लागवड सोपी आहे. खोडाचा वीतभर तुकडा कापून, चीक सुकेपर्यंत सावलीत ठेवावा व मुरूम, वाळू आणि थोडे पानखत यांच्या मिश्रणात लावावा. वऱ्हाडात, धामणगाव रेल्वेच्या परिसरातल्यासारखी काळी चिकण माती कुंडीत अजिबात भरू नये. ती ओल धरते आणि खोड कुजते. वैशाखातल्या उन्हात अर्धी सावली द्यावी. रुईवर येणाऱ्या साध्या बिबळ्या कडव्या फुलपाखराच्या अळ्या हिचीही पाने खातात, त्या हाताने वेचाव्यात.

भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पुणे येथील विभागाने बागेत तिची वाढ केली आहे. परंतु छाटकलमांची शंभर रोपे म्हणजे एकाच झाडाच्या शंभर प्रती. कड्यावरील विविधता त्यांत येत नाही. त्यामुळे बियांपासूनची रोपे आणि मूळ कड्यांचे रक्षण हेच खरे संवर्धन. लागवडीसाठी छाट बागेतल्याच झाडाचे घ्यावे आणि ते मुळात कोणत्या गडाचे, याची चिठ्ठी कुंडीला कायम लावून ठेवावी.