न्यूमोनिया म्हणजे भरतीच?

न्यूमोनियाचे निदान झाले की रुग्णाला भरती केलेच पाहिजे, हे मत आपल्याकडे घट्ट रुजले आहे. त्यासाठी तीन कारणे दिली जातात: आजार जीवघेणा आहे, तो रातोरात बळावतो, आणि घरी लक्ष ठेवायला जाणकार माणूस नसतो. तिन्हींत तथ्य आहे. पण त्यांतून सरसकट भरतीचा निष्कर्ष निघत नाही.

आजार जीवघेणा आहे, पण सर्वांना सारखा नाही, आणि धोका कोणाला हे बऱ्याच अंशी आधी ओळखता येते. २००३ साली प्रसिद्ध झालेली ‘कर्ब-६५’ ही मोजणी पाच गोष्टी पाहते: रुग्ण गोंधळलेला आहे का, रक्तातील युरिया वाढला आहे का, श्वास मिनिटाला ३० किंवा अधिक आहे का, रक्तदाब खालावला आहे का, वय ६५ किंवा अधिक आहे का. प्रत्येकी एक गुण. शून्य किंवा एक गुण असलेल्या बहुतेकांना घरी औषधे देता येतात. दोन गुणांना दवाखान्याचा विचार करावा. तीन किंवा अधिक असतील तर भरतीच हवी.

यावर एक रास्त आक्षेप आहे. तिशीतला रुग्ण, ऑक्सिजन ८८ टक्के, आणि गुण शून्य! असे घडू शकते. म्हणून बोटाला ऑक्सिमीटर लावल्याशिवाय कोणालाही घरी पाठवू नये. तोंडाने औषध पोटात टिकते का, घरी सोबत कोणी आहे का, हेही विचारलेच पाहिजे. गुण वैद्याच्या विचाराला आधार देतात. त्याची जागा घेत नाहीत.

आजार बळावण्याची भीती खरी आहे. तिचे उत्तर म्हणजे दोन-तीन दिवसांत फेरतपासणी, आणि कोणती लक्षणे दिसताच तत्काळ यायचे हे घरच्यांना स्पष्ट सांगणे.

राहिला जाणकार माणसाचा प्रश्न. त्याचे उत्तर गडचिरोलीने दिले. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने आरोग्यसेवक आणि गावातल्या दाया यांना बालकांचा न्यूमोनिया ओळखून प्रतिजैविक द्यायला शिकवले. १९९० साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार, त्यांनी उपचार केलेल्या ६१२ आजारांत मृत्यूचे प्रमाण ०.८ टक्के होते. तुलनेच्या गावांत ते १३.५ टक्के होते. जाणकार माणूस घडवता येतो, हे यातून सिद्ध झाले. पुढे २०१४ साली जागतिक आरोग्य संघटनेनेही छाती आत ओढली जात असलेल्या, पण धोक्याचे इतर लक्षण नसलेल्या बालकांना घरी अमॉक्सिसिलिन तोंडाने द्यावे, अशी शिफारस केली.

अपवाद ठळक आहेत. दोन महिन्यांखालील अर्भक, काहीच न पिणारे, झटके येणारे, सुस्त पडलेले किंवा अतिकुपोषित मूल, ऑक्सिजन ९० टक्क्यांखाली गेलेला रुग्ण: यांना क्षणभरही घरी थांबवू नये.

सरसकट भरतीची किंमतही मोजावी लागते. सौम्य आजाराच्या रुग्णाला दवाखान्यातला नवा संसर्ग जडू शकतो, सोबत बसणाऱ्याची मजुरी बुडते, आणि ज्याला खरोखर ऑक्सिजन हवा त्याची खाट अडते. म्हणून भरतीचा सल्ला मिळाला की नातेवाइकांनी कारण विचारावे, आणि घरी जायला सांगितले तरीही विचारावे. श्वास मिनिटाला किती, ऑक्सिजन किती, पुन्हा कधी यायचे: ही तीन उत्तरे कागदावर असतील, तरच निर्णय विचारपूर्वक झाला असे म्हणता येईल.