मुंबईची पाणीकपात : विहिरींपासून तलावांपर्यंत

मुंबई बेटावर पाऊस भरपूर पडतो, पण जवळपास सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच. अडवला नाही तर तो समुद्राला मिळतो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हे अडवण्याचे काम विहिरी आणि खोदीव तलाव करत. पुष्कळसे तलाव सधन व्यापाऱ्यांच्या दानातून झाले होते. सी. पी. टँक आणि धोबीतलाव ही नावे त्या काळातली. तलाव बुजले, नावे राहिली. विहिरींचे पाणी बहुधा मचूळ असे. गोड पाण्याच्या विहिरी थोड्या, म्हणून त्यांचा लौकिक मोठा. चर्चगेटजवळची १७२५ मधली भिका बेहराम विहीर त्यांतलीच. ज्यांच्या अंगणात विहीर नव्हती त्यांच्याकडे भिस्ती पखालीतून पाणी घालत. चैत्र-वैशाखात तळ दिसू लागला की हात आखडता घेणे घरोघरी आपोआपच होई; त्यासाठी कोणाच्या हुकमाची गरज नव्हती.

सरकारी हुकूम आला तो १८५४ मध्ये. त्या वर्षीच्या टंचाईत शहरातली गुरे बाहेर हलवण्यात आली, कारण माणसांच्या वाट्याचे पाणी तीही पीत होती. होड्यांनी आणि नुकत्याच सुरू झालेल्या आगगाडीने बाहेरून पाणी आणावे लागले. मुंबई-ठाणे लोहमार्गाला तेव्हा जेमतेम एक वर्ष झाले होते. या अनुभवानंतर हेन्री कॉनीबेअर या अभियंत्याच्या आराखड्याला गती मिळाली. मिठी नदीच्या खोऱ्यात विहार तलावाचे काम १८५६ मध्ये सुरू झाले आणि १८६० मध्ये त्याचे पाणी नळाने शहरात आले. मात्र वाढत्या शहराला ते फार काळ पुरले नाही. १८७९ मध्ये तुळशी, १८९२ मध्ये ठाणे जिल्ह्यातला तानसा असे तलाव जोडले गेले. मधल्या घाईत बांधलेल्या पवई तलावाचे पाणी पिण्यालायक ठरले नाही.

नळ आला तरी विहिरी लगेच संपल्या नाहीत. त्यांच्यावर गदा आली ती हिवतापामुळे. डॉ. बेंटली यांनी १९११ मध्ये मुंबईच्या हिवतापाचा अभ्यास मांडला आणि घराघरांतल्या उघड्या विहिरी ही डासांची पैदास होण्याची मुख्य ठिकाणे असल्याचे दाखवून दिले. नगरपालिकेने मालकांना विहिरी बुजवण्याचे किंवा झाकण्याचे आदेश दिले. पारशी आणि हिंदू समाजांतून विरोध झाला. धार्मिक विधींना विहिरीचेच पाणी लागते, नळाचे चालत नाही, ही हरकत खोटी नव्हती. काही ठिकाणी जाळी आणि उघडझाप करता येईल अशी झाकणे बसवून तडजोड झाली, पण शेकडो विहिरी कायमच्या गेल्या. आरोग्याच्या दृष्टीने निर्णय योग्य होता. त्याची दुसरी बाजू अशी की शहराचा राखीव साठा नाहीसा झाला आणि पाण्याची सगळी भिस्त दूरच्या डोंगरांतल्या पावसावर आली.

पुढचे तलाव आणखी लांब गेले. वैतरणेवरचा १९५७ मधला तलाव नगर अभियंता ना. वि. मोडक यांच्या नावाने मोडकसागर म्हणून ओळखला जातो. त्यानंतर ऊर्ध्व वैतरणा आणि भातसा आले, २०१४ मध्ये मध्य वैतरणा. सात तलाव पूर्ण भरले की सुमारे १४ लाख ४७ हजार दशलक्ष लिटर साठा होतो. रोजचा पुरवठा ३,८०० ते ३,९०० दशलक्ष लिटर धरला तर तो जेमतेम वर्षभराचा. म्हणून १ ऑक्टोबरच्या साठ्यावरच पुढच्या मेचे गणित ठरते.

पाणी चोवीस तास देण्याऐवजी पालिका बहुतेक भागांना ठरावीक वेळी देते. चावीवाला झडप फिरवतो आणि एका गल्लीचे पाणी दुसरीकडे जाते. यात साठवणुकीचे काम घरांच्या माथी पडले. इमारतींनी तळाशी आणि गच्चीवर टाक्या बांधल्या. चाळीत मोरीतले पिंप, हंडे, कळशा पहाटेच्या पाण्याला भरून ठेवायची रीत पडली. हीच रीत नासाडीचेही कारण झाली. ताजे पाणी आले की कालचे ‘शिळे’ ओतून देण्याची सवय अनेक घरांत आहे, आणि टंचाईच्या वर्षी ती सर्वांत आधी नडते.

२००९ च्या अपुऱ्या पावसानंतर पाणीकपात पुढच्या वर्षापर्यंत चालली. २०१५ च्या ऑगस्टमध्ये घरांसाठी २० टक्के आणि व्यावसायिक वापरासाठी ५० टक्के कपात लागू झाली. कपात टक्क्यांत जाहीर होते, पण नळावर ती वेळेने किंवा दाबाने उतरते. मोठी टाकी असलेल्या इमारतीला १० टक्के कपात फारशी जाणवत नाही. जलवाहिनीच्या शेवटच्या टोकाला किंवा टेकडीवर असलेल्या वस्तीत मात्र दाब घटला की नळ कोरडाच राहतो आणि टँकर मागवावा लागतो. मुळात वाटपही सारखे नव्हते: इमारतींतल्या माणसामागे १३५ लिटर धरले जाई, तेव्हा झोपडपट्टीत ४५. अनधिकृत ठरवलेल्या वस्त्यांना तर अधिकृत जोडणीच नव्हती. पाणी हक्क समितीच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१४ मध्ये निकाल दिला, की घर बेकायदा असले तरी पाणी नाकारता येणार नाही.

दरम्यान पावसाच्या पाण्याकडे पुन्हा लक्ष गेले. २००२ पासून १,००० चौरस मीटरहून मोठ्या भूखंडांवरील नव्या बांधकामांना पर्जन्यजलसंचय सक्तीचा झाला आणि २००७ मध्ये ही मर्यादा ३०० चौरस मीटरवर आणली गेली. नियम कागदावर कडक आहे, अंमलबजावणी ढिली. गाडी नळीने न धुणे, बादलीने अंघोळ करणे, गळके नळ दुरुस्त करणे ही पालिकेची आवाहनेही दर उन्हाळ्यात निघतात. २०२४ मध्ये ३० मेपासून ५ टक्के आणि ५ जूनपासून १० टक्के कपात झाली. तलावक्षेत्रात पाऊस झाल्यावर जुलैच्या अखेरीस ती मागे घेण्यात आली.