अन्नतंत्र महाविद्यालय, परभणी

वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचे घटक महाविद्यालय, स्थापना १९७६. विद्यापीठ १८ मे १९७२ रोजी सुरू झाले, वसंतराव नाईकांचे नाव त्याला २०१३ मध्ये मिळाले. येथे बी.टेक. (अन्नतंत्रज्ञान) व पदव्युत्तर शिक्षणाची सोय आहे.

पाटी कृषी विद्यापीठाची असली तरी अभ्यासक्रमाचा मोठा भाग रसायन अभियांत्रिकीतून आलेला आहे: उष्णता व वस्तुमानाचे वहन, बाष्पीभवन, वाळवण, गाळण. मात्र कच्चा माल शेतातला, आणि तो दर हंगामाला वेगळा. त्यामुळे पुस्तकातले आकडे प्रत्येक वेळी नव्याने तपासावे लागतात.

ज्वारीचेच पाहा. विद्यापीठाने इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेच्या सहकार्याने विकसित केलेला ‘परभणी शक्ती’ हा वाण २०१८ मध्ये प्रसारित झाला. त्यात लोह किलोमागे ४० मिलिग्रॅमच्या वर, तर जस्त ३० च्या वर आहे. पण दाण्यातले फायटिक आम्ल लोहाला धरून ठेवते, सगळे अंगी लागत नाही. दाणे भिजवून मोड आणले की हे आम्ल कमी होते. येथे दुसरी अडचण येते: ज्वारीच्या कोंबात धुरिन असते आणि त्यापासून विषारी हायड्रोसायनिक आम्ल तयार होते. म्हणून माल्ट करताना मोड वाळवून कोंब व मुळ्या चोळून काढतात, मगच पीठ दळतात. वाण पैदासकाराचा, ताटात त्याचे काय उतरते, हे प्रक्रिया ठरवते.

मराठवाड्यात भरपूर पिकणाऱ्या सोयाबीनचीही तीच गत. पचनात अडथळा आणणारा ट्रिप्सिन-रोधक उष्णतेने निष्क्रिय करावा लागतो. कच्चट वासाला कारण असलेले लायपॉक्सिजनेज हे विकर दाणे उकळत्या पाण्यात दळल्यास आटोक्यात येते. आच फार लागली तर प्रथिनांची विद्राव्यता घटते आणि सोयादूध कमी उतरते.

पदवीच्या अखेरच्या टप्प्यात विद्यार्थी कारखान्यात प्रशिक्षण घेतात आणि स्वतः उत्पादन करून शिकतात. या विद्याशाखेत एकंदरीतच बिस्किटात नवे पीठ मिसळून पाहणारे प्रकल्प गरजेपेक्षा जास्त होतात. साठवण, वाळवण आणि यंत्ररचनेवरचे काम शेतकऱ्याला अधिक उपयोगी पडते, पण त्याला वेळ लागतो.

निव्वळ रसायन अभियांत्रिकी शिकायची असल्यास शेजारच्या जालना जिल्ह्यात मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेचे मराठवाडा संकुल २०१८ पासून आहे. परभणीच्या बी.टेक.साठी बारावी विज्ञान आणि एमएचटी-सीईटी ही प्रवेश परीक्षा आवश्यक आहे.