एसएमएस: मेसेज नाही, विमानांची सेफ्टी मॅनेजमेंट सिस्टीम

एसएमएस म्हटलं की आपल्याला ओटीपी आठवतो. विमान क्षेत्रात मात्र एसएमएस म्हणजे सेफ्टी मॅनेजमेंट सिस्टीम. अपघात व्हायची वाट न पाहता धोका आधीच शोधायचा, तो किती मोठा आहे ते ठरवायचं, उपाय करायचा आणि तो उपाय खरंच चालतोय का हे तपासत राहायचं, याची ही ठरवून दिलेली पद्धत. विमान कंपन्या, मोठे विमानतळ, एअर ट्रॅफिक कंट्रोल, विमानांची देखभाल करणाऱ्या संस्था, सगळ्यांना ती लागते. इकाओ या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१३ मध्ये त्यासाठी ‘अॅनेक्स १९’ हा स्वतंत्र दस्तऐवज आणला. भारतात त्यावर देखरेख डीजीसीएची.

पुस्तकात तिचे चार भाग आणि १२ घटक असतात: धोरण, जोखीम व्यवस्थापन, खातरजमा आणि प्रशिक्षण-संवाद. पाठ करायची गरज नाही. ट्रॉम्बेच्या आसपास पाहिलं तरी बरंच कळतं.

न हलणारा धोका

मुंबई विमानतळाच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात. त्यातल्या १४/३२ या दुय्यम धावपट्टीच्या आग्नेय टोकापासून सुमारे ८ किमीवर ट्रॉम्बेची टेकडी आहे, आणि तिच्या परिसरात भाभा अणुसंशोधन केंद्र. टेकडी हलवता येत नाही. मग मार्ग, उंची आणि धावपट्टीचा वापर त्या टेकडीला धरून ठरवावा लागतो. असा धोका सांभाळणं तुलनेनं सोपं, कारण तो नकाशावर दिसतो.

हलणारा धोका

२० मे २०२४ च्या रात्री दुबईहून येणारं एमिरेट्सचं विमान घाटकोपरवर फ्लेमिंगोंच्या थव्याला धडकलं. विमान सुखरूप उतरलं, पण पंतनगरच्या लक्ष्मीनगर भागात जवळपास ४० फ्लेमिंगो मरून पडलेले सापडले. ठाणे खाडीत फ्लेमिंगो येतात हे काही गुपित नव्हतं. तिथे २०१५ पासून अभयारण्य आहे.

एसएमएसमध्ये अशा धोक्याला दोन प्रश्न विचारतात. असं घडण्याची शक्यता किती? त्याला १ ते ५ आकडे. घडलं तर परिणाम किती वाईट? त्याला ए ते ई अक्षरं, ए म्हणजे सगळ्यात भयंकर. ५ए आलं तर काम थांबवा, १ई आलं तर चालू द्या, मधल्यांसाठी उपाय शोधा. तक्ता सोपा आहे. अडचण अशी, की आज भरलेला आकडा सहा महिन्यांनी चुकीचा ठरू शकतो. पाणथळ जागा बुजली, कचरा साठला, थव्यांची वाट बदलली, की शक्यता बदलते. ऑक्टोबर २०२५ मध्ये खाडीपलीकडे नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं. एवढा मोठा बदल झाला की जुनी धोक्यांची यादी पुन्हा उघडावी लागते. एसएमएसमध्ये ‘बदलाचं व्यवस्थापन’ हा वेगळा घटकच आहे, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त दुर्लक्ष त्याच्याकडेच होतं.

‘आज नको’ म्हणणारा माणूस

२८ जून २०१८. जुहूहून चाचणीसाठी उडालेलं किंग एअर सी-९० हे छोटं विमान घाटकोपरच्या जागृती नगरमध्ये कोसळलं. दोन वैमानिक, दोन इंजिनिअर आणि जमिनीवरची एक व्यक्ती, असे पाच जण गेले. पावसाळी हवा होती. हवा खराब असल्यामुळे उड्डाण होणार नाही, असं सहवैमानिकाने सांगितलं होतं, हे त्यांच्या कुटुंबीयांनी तेव्हा माध्यमांना सांगितलं.

त्या दिवशी आत काय बोलणं झालं, त्यावर इथे निकाल देत नाही. पण एसएमएसची परीक्षा नेमकी अशाच सकाळी होते. एखाद्या ज्युनिअर माणसाने ‘आज नको’ म्हटलं तर कंपनी ऐकते का? की दुसऱ्या दिवशी त्याचं नाव रोस्टरमधून गायब होतं?

म्हणून दोन गोष्टी लागतात. पहिली, ‘जस्ट कल्चर’: प्रामाणिक चूक सांगणाऱ्याला शिक्षा नाही, मुद्दाम बेफिकिरी करणाऱ्याला माफी नाही. दुसरी, अकाउंटेबल मॅनेजर, म्हणजे ज्याच्या हातात पैसा आहे असा सगळ्यात वरचा माणूस. सेफ्टी मॅनेजर कितीही हुशार असला, तरी विमान जमिनीवर ठेवण्याचा खर्च मंजूर करणारा वेगळा असेल आणि तो फोन उचलत नसेल, तर फाइल नुसती जाड होत जाते.

सुरू करणं सोपं, टिकवणं कठीण

मॅन्युअल लिहून मंजुरी घेणं हे काही महिन्यांचं काम. नंतर तक्रारींचा ओघ टिकवायचा असतो. इथे नवख्यांचा हमखास गोंधळ होतो: रिपोर्ट वाढले म्हणजे सेफ्टी बिघडली असं वाटतं. बहुतेक वेळा उलटं असतं. ज्या अॅपवर एकही बग नोंदलेला नाही, ते अॅप एकतर कोणी वापरत नाही किंवा नोंदवणारा कंटाळून गेलाय. विमान कंपनीत रिपोर्ट शून्यावर आले तर ऑडिटरने सगळ्यात आधी तिथेच जायला हवं.

रिपोर्ट देणाऱ्याला उत्तर मिळणं तर त्याहून महत्त्वाचं. रात्रपाळीच्या मेकॅनिकने ‘हँगरमध्ये उजेड कमी आहे, नट नीट दिसत नाही’ असं लिहिलं आणि महिनाभर काहीच झालं नाही, तर तो दुसरा रिपोर्ट लिहिणार नाही. आठवडाभरात दिवा लागला, किंवा ‘का लागत नाही’ हे तरी कळलं, तर बाजूचे चार जण लिहायला लागतात.

आणखी वाचायचं असेल तर एएआयबी, म्हणजे विमान अपघात तपास संस्थेचे अंतिम अहवाल तिच्या वेबसाइटवर मोफत असतात. पीडीएफ मोबाइलवर उघडते. शेवटचा ‘शिफारशी’ हा भाग आधी वाचा.